मेजर थॉमस कँडी : मराठीला विरामचिन्हं देणारे साहेब आणि इंग्रजीतला 'वाक्यातला प्रश्न'



स्पर्धा परीक्षेच्या तयारीत एक प्रश्न हमखास असतो. मराठीत विरामचिन्हं कोणी आणली? उत्तर आपल्याला पाठ असतं, मेजर थॉमस कँडी. एका गुणाचं उत्तर लिहून आपण पुढं जातो. पण हा माणूस कोण होता, कुठून आला, आपल्या शेजारच्या पुण्यात त्याने काय काम केलं, हे फारसं कोणी सांगत नाही. आज आपण त्यांचं चरित्र पाहू. त्यासोबत इंग्रजीच्या एका धड्याचाही अभ्यास करू, कारण कँडीसाहेबांचं काम आणि तो धडा एकमेकांशी चांगले जुळतात.

तो धडा म्हणजे वाक्याच्या पोटात असलेला प्रश्न. व्याकरणात त्याला अप्रत्यक्ष प्रश्न म्हणतात, इंग्रजीत एम्बेडेड क्वेश्चन. आपल्या पिंपरी-चिंचवड, भोसरी, मोशी, चाकण या पट्ट्यातली मुलं सुटा प्रश्न छान विचारतात. व्हेअर इज गेट नंबर टू? अगदी बरोबर. पण त्याच्या आधी 'प्लीज टेल मी' जोडायला सांगितलं की बहुतेक मुलं म्हणतात, प्लीज टेल मी व्हेअर इज गेट नंबर टू. इथे चूक होते. बरोबर वाक्य आहे, प्लीज टेल मी व्हेअर गेट नंबर टू इज.

एवढ्याशा फरकाने काय बिघडतं, असं वाटेल. पण आपल्या भागातली बरीच मुलं पुढे आयटीआयला जातात, डिप्लोमा करतात, एमआयडीसीत अप्रेंटिस म्हणून लागतात. तिथे वरिष्ठांना, परराज्यातल्या सहकाऱ्यांना, कधी परदेशी पाहुण्यांना इंग्रजीत काहीतरी विचारावं लागतं. एकदा कोणी हसलं की मुलगा विचारणंच बंद करतो. मशीनपाशी उभं राहून न विचारता अंदाजाने काम करणं किती धोक्याचं आहे, हे इथल्या पालकांना वेगळं सांगायला नको. म्हणून हा धडा नीट समजून घेऊ. सुरुवात चरित्राने करू.

जन्म आणि भारतात आगमन

थॉमस कँडी यांचा जन्म १३ डिसेंबर १८०४ रोजी इंग्लंडमध्ये झाला. जॉर्ज हा त्यांचा जुळा भाऊ. १८२२ साली, म्हणजे वयाच्या अठराव्या वर्षाच्या आसपास, थॉमस ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात नोकरीसाठी भारतात आले. आज आपल्याकडे बारावी झालेली मुलं असतात, त्या वयाचा हा मुलगा.

काळ कोणता होता ते लक्षात घ्या. १८१८ मध्ये पेशवाई संपली होती. मुंबई इलाख्याचा कारभार इंग्रजांच्या हातात गेला होता. कारभार करायचा तर रयतेची भाषा यायला हवी, म्हणून कंपनीच्या अधिकाऱ्यांना इथल्या भाषा शिकाव्या लागत. पण शिकायच्या कशा? मराठी-इंग्रजीचा मोठा, भरवशाचा शब्दकोश नव्हता. शाळेसाठी छापील पुस्तकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. रोजचा लिहिण्याचा व्यवहार मोडी लिपीत. मोडी लिहिताना बोरू शक्यतो उचलायचा नाही, त्यामुळे शब्दाला शब्द लागून ओळ पुढे जायची. वाक्य कुठं संपलं हे वाचणाऱ्याने अर्थावरून ओळखायचं.

शब्दकोशाचं काम

या काळात कॅप्टन जेम्स मोल्सवर्थ यांनी मराठी शब्दांचा कोश करायला घेतला. थॉमस आणि जॉर्ज हे कँडी बंधू त्यांचे मदतनीस झाले. शास्त्रीमंडळी सोबत होती. गावोगावचे शब्द गोळा करायचे, प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारायचा, तो कोणत्या भागात कसा वापरतात ते तपासायचं आणि मग इंग्रजीत लिहायचं, असं हे काम. आज आपण मोबाइलवर शब्द टाकतो आणि अर्थ येतो. तेव्हा एकेका शब्दासाठी माणसाला माणसाकडे जाऊन विचारावं लागत होतं.

१८३१ मध्ये हा मराठी-इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध झाला. मुखपृष्ठावर मोल्सवर्थ यांच्या नावासोबत लेफ्टनंट थॉमस कँडी आणि लेफ्टनंट जॉर्ज कँडी यांचीही नावं होती. नंतर उलट दिशेचा, म्हणजे इंग्रजी-मराठी कोश सुरू झाला. पण मोल्सवर्थ यांची प्रकृती बिघडली आणि १८३६ मध्ये ते इंग्लंडला परतले. अर्धवट राहिलेलं काम थॉमस कँडी यांनी अंगावर घेतलं. ते पूर्ण होऊन छापून यायला १८४७ साल उजाडलं. दुसऱ्याने सुरू केलेलं काम अकरा वर्षं नेटाने ओढून शेवटाला नेणं, ही त्यांच्या स्वभावाची मोठी खूण म्हणता येईल. पुढे मोल्सवर्थ पुन्हा भारतात आले आणि १८५७ मध्ये मराठी-इंग्रजी कोशाची वाढवलेली दुसरी आवृत्ती निघाली. त्याही कामात कँडींचा हात होता. ती आवृत्ती अभ्यासक आजही वापरतात.

पुण्यातला विश्रामबागवाडा

पुण्यात बाजीराव रस्त्यावरून जाताना लाकडी नक्षीचा विश्रामबागवाडा दिसतो. सहलीला नेलं तर मुलांना नक्की दाखवा. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचा हा वाडा. पेशवाई गेल्यावर १८२१ मध्ये इंग्रज सरकारने इथे संस्कृत पाठशाळा सुरू केली. १८३७ मध्ये या पाठशाळेची देखरेख थॉमस कँडी यांच्याकडे आली. दख्खनमधल्या सरकारी शाळांकडेही त्यांना लक्ष द्यावं लागे. १८५१ मध्ये पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज झालं. आजच्या डेक्कन कॉलेजचं मूळ तिथं आहे.

शाळा वाढू लागल्या तशी मराठी पुस्तकांची गरज वाढली. कँडींनी स्वतः शाळेसाठी पुस्तकं लिहिली. दुसऱ्यांनी लिहिलेली, भाषांतर केलेली पुस्तकं तपासून त्यांची भाषा दुरुस्त करण्याचं सरकारी कामही त्यांच्याकडे होतं. १८६० च्या इंडियन पीनल कोडचं मराठी भाषांतर करण्यातही त्यांचा वाटा आहे. कायद्याच्या वाक्यात एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तर अर्थ बदलतो. अशा कामात असलेल्या माणसाला विरामचिन्हांचं महत्त्व वाटलं यात नवल नाही.

विरामचिन्हांची परिभाषा

१८५० मध्ये त्यांचं 'विरामचिन्हांची परिभाषा' हे छोटं पुस्तक प्रसिद्ध झालं. तोवर जुन्या पोथ्यांत उभा दंड होता, दोन दंड होते, एवढंच. इंग्रजीतली चिन्हं मराठीत कशी वापरायची याची घडी बसवायला या पुस्तकाची मोठी मदत झाली. शालेय पुस्तकांतून ही पद्धत मुलांच्या हातात गेली आणि एक-दोन पिढ्यांत मराठीची स्वतःची होऊन गेली. आज पूर्णविराम परका आहे असं कोणाला वाटतं का?

आता आपल्या धड्यासाठी प्रश्नचिन्हाकडे जरा नीट पाहू. पुढची दोन वाक्यं वाचा.

बस कुठं थांबते?
बस कुठं थांबते ते मला माहीत आहे.

दोन्ही वाक्यांत 'कुठं' आहे. पहिल्याला प्रश्नचिन्ह आहे, दुसऱ्याला पूर्णविराम. का बरं? कारण दुसऱ्या वाक्यात मी काही विचारत नाही, माहिती देतोय. प्रश्न वाक्याच्या पोटात जाऊन बसला आहे. आता तिसरं वाक्य घ्या.

बस कुठं थांबते ते तुला माहीत आहे का?

इथे पुन्हा प्रश्नचिन्ह आलं, कारण बाहेरचं मोठं वाक्यच प्रश्न आहे. म्हणजे चिन्ह देताना आतला प्रश्नशब्द पाहायचा नाही, अख्खं वाक्य विचारतंय की सांगतंय ते पाहायचं. इंग्रजीतही अगदी हाच नियम आहे. 'आय नो व्हेअर द बस स्टॉप्स' याला पूर्णविराम. 'डू यू नो व्हेअर द बस स्टॉप्स' याला प्रश्नचिन्ह. मराठीत हे ज्याला कळलं त्याला इंग्रजीत वेगळं शिकवावं लागत नाही.

इंग्रजीत शब्दांची जागा : इथे मराठी मदतीला येते

वरची मराठी वाक्यं पुन्हा पाहा. 'बस कुठं थांबते' हे शब्द तिन्ही वाक्यांत त्याच क्रमाने आहेत. प्रश्न सुटा असो की आतला, मराठी शब्दांची जागा बदलत नाही. आपण फक्त 'ते' किंवा 'हे' जोडतो.

इंग्रजीत सुट्या प्रश्नात उलटापालट होते. 'द बस इज हिअर' या साध्या वाक्यात कर्ता आधी आणि 'इज' नंतर. प्रश्न करताना 'इज' उडी मारून कर्त्याच्या पुढे जातो, व्हेअर इज द बस? पण हाच प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या आत गेला की उडी मारलेला 'इज' परत आपल्या घरी येतो. आय डोन्ट नो व्हेअर द बस इज. म्हणजे आतल्या प्रश्नाचा क्रम साध्या वाक्यासारखाच, आधी कर्ता आणि मग क्रियापद.

आता सांगा, मराठी मुलाला अवघड कोणता असायला हवा? खरं तर सुटा प्रश्न, कारण अशी उडी मराठीत नाही. आपण मुलांकडून सुटा प्रश्न पहिलीपासून इतका घोकून घेतो की 'व्हेअर इज' हे दोन शब्द त्यांना एकच शब्द वाटायला लागतात. मग ते वेगळे करायचे कसे ते सुचत नाही. म्हणून मुलांना नवा नियम देण्यापेक्षा मराठी वाक्याची आठवण करून द्या. मराठीत 'बस' आधी येते आणि 'आहे' नंतर, आतल्या प्रश्नात इंग्रजीतही तसंच.

'डू', 'डज', 'डिड' यांचंही तसंच आहे. हे शब्द सुटा प्रश्न करायला बोलावलेले पाहुणे. प्रश्न आत गेला की पाहुण्यांचं काम संपतं, ते निघून जातात. जाताना आपली खूण क्रियापदावर ठेवून जातात.

व्हाय डिड द मशीन स्टॉप? यातून 'डिड' गेला आणि 'स्टॉप' चं 'स्टॉप्ड' झालं. आय नो व्हाय द मशीन स्टॉप्ड.

व्हेन डज द शिफ्ट स्टार्ट? यातून 'डज' गेला आणि 'स्टार्ट' चं 'स्टार्ट्स' झालं. टेल मी व्हेन द शिफ्ट स्टार्ट्स.

'हू' कर्ता असेल तर काहीच बदलत नाही. हू टूक माय हेल्मेट? आय नो हू टूक माय हेल्मेट. सुट्या प्रश्नातच उडी नव्हती, मग परत आणायचं काय?

आता हो-नाही उत्तराचे प्रश्न घेऊ. मराठीत आपण विचारतो, बस आली का? तेच आत नेताना म्हणतो, बस आली की नाही ते बघ. हे 'की नाही' इंग्रजीत 'इफ' किंवा 'वेदर' होतं. हॅज द बस कम? सी इफ द बस हॅज कम. 'इफ' म्हणजे फक्त 'जर', असं मुलांनी पाठ केलेलं असतं. इथे त्याचा अर्थ 'की नाही' आहे, हे मुद्दाम सांगावं लागतं.

आणि इथे मराठी पाय ओढते

दोन ठिकाणी सावध राहायचं. पहिलं म्हणजे आपला लाडका 'की'. आपण म्हणतो, त्याने मला विचारलं की तू कुठं राहतोस. मुलं या 'की' चं 'दॅट' करतात आणि लिहितात, ही आस्क्ड मी दॅट व्हेअर डू यू लिव्ह. इंग्रजीत 'व्हेअर', 'व्हॉट', 'इफ' हे शब्दच जोडण्याचं काम करतात. त्यांच्या आधी 'दॅट' घालायचा नाही.

दुसरं म्हणजे 'तू' आणि 'मी'. मराठीत सांगतानाही 'तू कुठं राहतोस' तसंच ठेवलं तरी चालतं. इंग्रजीत आतला प्रश्न सांगणाऱ्याच्या बाजूने लिहायचा असतो, आणि 'आस्क्ड' भूतकाळात असेल तर आतलं क्रियापदही साधारणपणे भूतकाळात जातं. ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड. हे मात्र सरावानेच जमतं.

कँडींच्या मराठीवरची टीका

आता पुन्हा कँडीसाहेबांकडे येऊ. त्यांनी मराठी पुस्तकं तपासली, दुरुस्त केली, पण त्यांच्या मराठीवर पुढच्या पिढीतल्या मराठी लेखकांनी टीकाही केली. आक्षेप असा की वाक्य मराठी शब्दांचं असतं पण वळण इंग्रजी. घरात कोणी असं बोलत नाही, असं वाचणाऱ्याला वाटायचं.

जरा विचार करा. आयुष्याची कितीतरी वर्षं मराठी शिकण्यात घालवलेला, दोन मोठ्या कोशांवर काम केलेला माणूस. तरी त्याच्या मराठीत त्याची मातृभाषा डोकावत राहिली. मग सातवीतल्या मुलाच्या इंग्रजीत मराठी 'की' डोकावला तर त्याला मठ्ठ कसं म्हणायचं? मातृभाषा अशी डोकावणारच. ती कुठे डोकावते ते ओळखायला शिकवणं हे आपलं काम. वर्गात मी अशा वाक्यापुढे फुली मारत नाही. वाक्याखाली मुलाला तेच मराठीत लिहायला लावते, 'की' भोवती गोल करायला सांगते. बहुतेक वेळा मूल स्वतःच म्हणतं, बाई, हा काढायचा ना? आपल्या भागात बीड-लातूरकडून आलेली, युपी-बिहारकडून आलेली मुलं एका बाकावर बसतात. हिंदीतही असाच 'कि' आहे, त्यामुळे ही युक्ती त्यांनाही चालते.

टीका झाली म्हणून कँडींचं काम वाया गेलं का? नाही. त्यांचं वाक्यांचं वळण मराठीने पुढे घेतलं नाही, पण त्यांची चिन्हं घेतली.

नम्रपणे विचारणं

शेवटचा एक मुद्दा, कारण यावर मुलांचं पुढचं बरंच काही अवलंबून आहे. मराठीत आदर दाखवायला आपल्याकडे 'तुम्ही' आहे, 'आपण' आहे, 'अहो' आहे, काका-मावशी आहेत. 'काका, गेट कुठं आहे हो?' एवढ्यात काम होतं. इंग्रजीत लहान-मोठ्या सगळ्यांना एकच 'यू'. मग आदर कुठे ठेवायचा? तो बाहेरच्या वाक्यात ठेवतात. कुड यू टेल मी व्हेअर द गेट इज? नुसतं 'व्हेअर इज द गेट' चुकीचं नाही, पण अनोळखी मोठ्या माणसाला ते कोरडं वाटू शकतं. ज्या मुलाला आतला प्रश्न येत नाही त्याला इंग्रजीत अदबीने विचारताही येत नाही. घरी नीट वळण लागलेलं मूल इंग्रजीत उगाच उद्धट ठरतं. एवढ्यासाठी तरी हा धडा दोन तास जास्त देऊन घ्यावा.

अखेरचा काळ

कँडी पुढे मेजर झाले आणि मराठीत त्यांचं नाव मेजर कँडी असंच राहिलं. २६ फेब्रुवारी १८७७ रोजी महाबळेश्वर इथे त्यांचं निधन झालं. अठराव्या वर्षाच्या सुमारास आलेला हा माणूस पन्नासहून अधिक वर्षं मराठीच्या संगतीत राहिला आणि महाराष्ट्रातच गेला. राज्यकर्त्यांच्या बाजूचा माणूस होता, हे खरं. पण रोज शाळेच्या वहीत आपण जे प्रश्नचिन्ह काढतो, त्याच्या मागे या माणसाचे कष्ट आहेत.

सरावासाठी

पुढचे प्रश्न कंसाबाहेर सुटे दिले आहेत. कंसातले शब्द आधी जोडून वाक्य पुन्हा लिहा आणि शेवटी योग्य चिन्ह द्या.

१. व्हेअर इज द कँटीन (प्लीज टेल मी)
२. व्हॉट टाइम डज द बस लीव्ह (डू यू नो)
३. व्हाय डिड शी क्राय (नोबडी नोज)
४. इज द टीचर इन द क्लास (आय डोन्ट नो)
५. हू ब्रोक द विंडो (आय वॉन्ट टू नो)

उत्तरं :

१. प्लीज टेल मी व्हेअर द कँटीन इज.
२. डू यू नो व्हॉट टाइम द बस लीव्ह्ज?
३. नोबडी नोज व्हाय शी क्राइड.
४. आय डोन्ट नो इफ द टीचर इज इन द क्लास.
५. आय वॉन्ट टू नो हू ब्रोक द विंडो.

पाचांपैकी फक्त दुसऱ्यालाच प्रश्नचिन्ह का आलं, ते मुलांना त्यांच्या शब्दांत सांगायला लावा. ते सांगता आलं की धडा समजला असं समजायला हरकत नाही.